डांबराच्या अलीकडे

किनवटच्या आसपास सायकल चालवायची असेल तर 161-अ हा राष्ट्रीय महामार्ग आधी डोक्यातून काढून टाकावा. माहूरकडून येऊन हिमायतनगर, भोकरकडे जाणारा हा रस्ता मोटारवाल्यांच्या कामाचा. त्याला डावी-उजवीकडे मुरुमाचे फाटे फुटत राहतात. फाट्यावर कधी गावाच्या नावाची पाटी असते, कधी पाटी जाऊन नुसते दोन खांब उरलेले असतात. अशा खांबांपाशी वळावं. थोडं आत गेलं की हॉर्न मागे पडतो आणि टायरखाली मुरूम चुरचुरायला लागतो. त्या आवाजाची मला इतकी सवय झाली आहे की डांबरावर आलो की पंखा बंद पडल्यासारखं वाटतं.

मुरूम म्हणजे कुजलेला काळा पाषाण. वरची काळी माती आणि खालचा अखंड कातळ यांच्या मधे, शेकडो पिढ्यांच्या ऊन-पावसाने झिजत गेलेला, अर्धा दगड आणि अर्धी माती असा हा पिवळट-तांबूस थर. टेकडीच्या कडेला खदान काढायची, ट्रॉलीने आणून रस्त्यावर ढीग टाकायचे, पसरायचे, पाणी मारायचं आणि दबाई करायची. त्यातली मातीच ओली होऊन खड्यांना धरून ठेवते. दिवाळीनंतर असा रस्ता टणक आणि गुळगुळीत लागतो, सायकल आपोआप पळते. शिमग्यानंतर तो सुटायला लागतो, वर भुकटी येते, उतारावर पुढचं चाक स्वतःच्या मनाने जातं. पावसाळ्याचं तर बोलूच नये. मुरूम संपून काळी माती लागली की टायर आणि मडगार्डच्या मधे चिखल ठासून बसतो, चाक फिरायचं थांबतं आणि सायकल आपल्या खांद्यावर येते. मृगापासून दसऱ्यापर्यंत पांदणीत सायकल घालू नये. तिथे त्या दिवसांत बैलबंडीसुद्धा रुतते, आणि खांद्यावर घ्यायला ती सायकल नव्हे.

शहरांत अलीकडे ‘ग्रॅव्हल बाइक’ नावाची सायकल आली आहे. रेसच्या सायकलसारखं वळलेलं हँडल, पण टायर रुंद, साधारण 38 ते 45 मिलिमीटर. खडीवर घसरत नाही, खड्ड्यात वाकत नाही. किंमत ऐकून माणूस आधी बसून घेतो. आता आपल्याकडच्या दूधवाल्याची सायकल आठवा. काळी, रॉड ब्रेकची, पुढे डायनॅमो, मागे कॅरिअरला दोन कॅन. तिच्या टायरवर 28 गुणिले दीड असं लिहिलेलं असतं. दीड इंच म्हणजे 38 मिलिमीटर. म्हणजे ज्या रुंदीला जग फिरून फिरून पोचलं, तिच्यावर आमच्याकडे दूध, पेपर, भंगार आणि कुल्फी कधीपासूनच मुरुमावरून जात-येत आहेत. गिअर तेवढे नव्हते. चढ आला की उतरायचं आणि ढकलत न्यायचं, त्यात कमीपणा कोणी मानला नाही. एका गोष्टीला मात्र नवी सायकल आणि जुनी सायकल सारख्याच बळी पडतात. ती म्हणजे बाभूळ. धुऱ्यावर काट्यांचं कुंपण केलेलं असतं, वाऱ्याने एखादी फांटी वाटेत येते आणि वाळलेला पांढरा काटा परदेशी टायरची इज्जत ठेवत नाही.

या वाटा शोधायच्या कशा? मोबाइलवर त्या दिसत नाहीत, किंवा दिसल्या तरी मधेच शेतात संपतात. त्यापेक्षा तलाठ्याकडचा गावनकाशा बरा. त्यात दोन तुटक रेषांनी दाखवलेला गाडीमार्ग असतो आणि एका तुटक रेषेने दाखवलेली पायवाट. गाडीमार्गाची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट, पायवाटेची सव्वाआठ. हे सव्वाआठ आणि साडेसोळा कुठून आले असतील याचा उलगडा गुंठ्यात आहे. गुंठा म्हणजे 33 फूट लांब, 33 फूट रुंद, 1,089 चौरस फूट. त्या 33चे निम्मे साडेसोळा आणि पाव सव्वाआठ. साखळी ओढत शेत मोजणाऱ्याने वाटही त्याच मापाने कापली. मला हे कळलं तेव्हा नकाशा पुन्हा उघडून बघावासा वाटला. कागदावर बाणासारखी सरळ जाणारी ती तुटक रेषा प्रत्यक्षात शोधायला जावं, तर साडेसोळा फुटांचे कुठे दहा उरलेले, कुठे सहा, कुठे तुरीच्या ओळीच गाडीमार्गावर आलेल्या. वाट अडवली म्हणून भावाभावांत भांडणं, आणि त्यावर तहसीलदारापुढे चाललेले दावे. त्यासाठी वापरतात तो मामलेदार न्यायालय कायदा 1906 सालचा आहे आणि त्याला अजून काम कमी पडलेलं नाही. 2021 मध्ये राज्याने शेत-पाणंद रस्त्यांसाठी ‘मातोश्री’ नावाने योजना आणली, रोजगार हमीतून मजूर लावून वाटा मोकळ्या करायच्या आणि मुरूम टाकायचा. जिथे ती पोचली तिथे माझी चैन झाली. पण ती माझ्यासाठी नव्हती. कापसाची बंडी घरापर्यंत यावी, एवढ्यासाठी होती.

वाहतूक नाही म्हणून या वाटा रिकाम्या आहेत, असं लिहिणाऱ्याने त्या सकाळी आठ वाजता पाहिलेल्या नसतात. सगळ्यात आधी शेळ्या. मग पऱ्हाटीची बंडी, तिच्यावर काटक्यांच्या वर बसलेलं पोरगं. तेंदूच्या दिवसांत डोक्यावर पानांची ओझी घेतलेल्या बायका, एकीमागे एक. आणि शाळेच्या मुली. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. तांड्यावरून, गुड्यावरून त्या मोठ्या गावच्या शाळेत निघालेल्या असतात. तीन-तीन सायकली आडव्या, गप्पा चाललेल्या, दप्तर कॅरिअरला. मी मागून आलो तर घंटी वाजवायला संकोच वाटतो, कारण रस्ता त्यांचा आहे हे त्यांच्या पॅडल मारण्यावरूनच दिसतं. त्यांनी मात्र मला एकदा मागे टाकताना विचारलं, ‘‘काका, गिअर असून इतकं हळू?’’

माणसं विचारतातच. हेल्मेट, चष्मा आणि हँडलवर लावलेलं ते छोटं यंत्र बघितलं की त्यांचा एकच समज होतो. बांधावर उभ्या म्हाताऱ्याने हात वर करून थांबवलं.

‘‘रोड मोजून राहिले का साहेब?’’

‘‘नाही दादा, फिरतोय नुसता.’’

‘‘नुसता?’’ त्यांनी सायकलकडे, मग माझ्याकडे बघितलं. ‘‘म्हणजे डांबराचं काही नाही.’’

नाही म्हटल्यावर ते परत निंदायला वळले. त्या एका शब्दाचं, त्या ‘नुसता’चं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि खरं सांगायचं तर हा निबंध त्याच्यामुळेच लिहायला घेतला.

हा मुलूख कोणाचा, हेही एका उत्तरात सांगता येत नाही. निजामाच्या राज्यात किनवट तालुका आदिलाबाद जिल्ह्यात होता. 1956च्या राज्य पुनर्रचनेत किनवट तालुका आणि बोथ तालुक्यातलं इस्लापूर मंडळ इकडे मराठवाड्यात आलं. म्हणून इथल्या वाटेवर गोंडी, कोलामी, गोरमाटी, तेलुगू आणि ‘करून राहिले’वाली मराठी एकाच सकाळी ऐकू येते. नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा, उमरखेडचा बंदी भाग. मराठवाडा म्हटलं की उघड्या माळाचं आणि टँकरचं जे चित्र डोळ्यांपुढे येतं त्यात किनवट बसत नाही. इथे साग आहे, बांबू आहे, आणि कार्तिकात सागाची वाळकी पानं वाटेवर पडली की सायकलचा आवाज अर्ध्या मैलावरच्या मोरालाही कळतो.

पैनगंगा या सगळ्याची कड धरून वाहते. बुलढाण्याकडे अजिंठ्याच्या डोंगरात उगवून, इसापूरच्या धरणात अडून, ती इस्लापूरजवळ सहस्रकुंडाला काळ्या खडकावरून असंख्य धारांनी खाली पडते, किनवटला येते, माहूरकडे उत्तरेला वळसा घालते आणि मग पूर्वेला जाऊन वर्धेला मिळते. सहस्रकुंड बघायला लोक श्रावण-भाद्रपदात येतात, धबधबा तेव्हाच असतो. सायकलवाल्याने पौषात जावं. पाणी कमी असतं, खडक उघडा पडलेला असतो आणि पाण्याने त्याला कशी भोकं पाडली आहेत हे निवांत दिसतं. उनकेश्वरही याच नदीच्या काठचं. गंधकाच्या गरम पाण्याची कुंडं. शरभंग ऋषीच्या अंगाचा दाह शमावा म्हणून रामाने बाण मारून हे पाणी काढलं, असं सांगतात. त्वचेच्या आजाराचे लोक लांबून येऊन तिथे अंघोळ करतात. मी तिथे पोचलो की पाय सोडून बसतो. मांड्यांवर त्या पाण्याचा काय परिणाम होतो ते वैद्यकाने सांगावं, मला उठवत नाही एवढं खरं.

या पट्ट्यातला सगळ्यात मोठ्या पल्ल्याचा प्रवासी मात्र सायकलवरचा नव्हे. 2019च्या जूनमध्ये टिपेश्वर अभयारण्यातून एक तरुण वाघ निघाला. गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून त्याची वाट कळली. पांढरकवड्याकडून आदिलाबादचं जंगल, अंबाडी घाट, किनवटचं जंगल, पैनगंगा अभयारण्य, पुसद, इसापूर, हिंगोली, वाशीम, आणि डिसेंबरच्या सुमाराला बुलढाण्याचं ज्ञानगंगा अभयारण्य. पाच महिन्यांत 1,300 किलोमीटर. पुढे हिंडत राहिला तो धरून नऊ महिन्यांत 3,000च्या वर. स्वतःचा मुलूख आणि जोडीदारीण शोधत निघालेला हा प्राणी ओढ्याओढ्याने, धुऱ्याधुऱ्याने, कापसाच्या शेतांतून, बहुतेक रात्री चालला. त्याच्या वाटेचा नकाशा छापून आला तेव्हा मी तो बराच वेळ बघत बसलो. मी ज्या वाटा शोधत होतो त्या त्याला कोणी दाखवल्या नव्हत्या. मोटारी टाळायच्या, पाणी धरून जायचं, गावाला वळसा घालायचा. आमचे नियम जवळपास सारखेच होते. फरक इतकाच की त्याच्यापुढे डांबरी रस्ता आला तर तो जीव मुठीत धरून ओलांडावा लागे. आता अंबाडीच्या बाजूला तिन्हीसांजेनंतर मी सायकल नेत नाही. तो गेला असला तरी त्याने वाट दाखवून दिली आहे.

फ्रान्स-इटलीकडे अशा सायकल-वाटांच्या दोन्ही बाजूंना द्राक्षमळे असतात. आमच्याकडे ते नाहीत, द्राक्षं बघायची तर नाशिक नाहीतर तासगाव. इथे मोह आहे. फाल्गुन-चैत्रात पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडतो. आधी खालचा पाला जाळून जागा झाडलेली असते, आणि उजाडायच्या आत घरातली सगळी माणसं टोपल्या घेऊन बसलेली असतात. त्या दिवसांत वाटेवर इतका गोड, आंबूस वास असतो की दम लागलेला असताना तो जरा जास्तच आत जातो. गंमत अशी की 2001 मध्ये राज्याने द्राक्षाच्या वाइनसाठी खास धोरण आणलं, सवलती दिल्या, आणि मोहाच्या फुलाला 1949च्या दारूबंदी कायद्यात नाव घेऊन कलमं लावलेली होती. फूल बाळगणं, विकणं, नेणं यावर बंधनं होती. द्राक्षमळ्यातून सायकल हाकत जाणाऱ्याला शेवटी चाखायला पेला मिळतो. मोहाखालून जाणाऱ्याने चाखायचं काय ते स्वतःच्या जबाबदारीवर.

इटलीचं नाव निघालंच आहे तर तिथल्या टस्कनीची गोष्ट सांगायला हवी. कियांती हा द्राक्षांचा प्रदेश, आणि तिथे पांढऱ्या मातीचे, खडीचे जुने रस्ते आहेत. एकेक करून ते डांबरी व्हायला लागले तेव्हा गायोले या गावातल्या जियानकार्लो ब्रोची यांनी 1997 मध्ये ‘लेरोइका’ नावाची सायकल-फेरी सुरू केली. अट अशी की सायकल 1987 किंवा त्याआधीची हवी. (वयाच्या अटीत किनवटच्या निम्म्या सायकली पास होतील.) हेतू उघड होता, रस्ते पांढरेच राहावेत. फेरी गाजली, 2007 पासून त्याच रस्त्यांवर व्यावसायिकांची शर्यत सुरू झाली, ती सिएनाच्या चौकात संपते, आणि जगभरातले सायकलवाले धूळ खायला तिथे पैसे भरून जातात. आज तो मुरूम जपून ठेवलेला आहे.

हे वाचलं तेव्हा मला आधी उत्साह वाटला. किनवट-उनकेश्वर-माहूर अशी एखादी फेरी का नसावी, तांड्यावर मुक्काम, ज्वारीची भाकरी, सहस्रकुंडाला समारोप. मित्रांना सांगूनही टाकलं. मग तो ‘नुसता’ आठवला. कियांतीतला रस्ता पांढरा आहे कारण तो तसा ठेवायचा असं ठरलं. इथला तांबडा आहे कारण त्याचं अजून काही ठरलेलंच नाही. किंवा ठरलं आहे, पण कागदावर. पंतप्रधान ग्रामसडक योजना 2000 मध्ये आली तेव्हा सपाटीवर 500 आणि आदिवासी व डोंगरी भागात 250 लोकवस्ती हा निकष होता. कोलामांचा पोड चाळीस घरांचा असला तर निकष तिथेच थांबतो. मधे जंगल आलं तर वनहक्क कायद्यात सोय आहे: ग्रामसभेने शिफारस करावी, हेक्टरी 75च्या वर झाडं तोडायची नाहीत आणि एका कामाला वनजमीन एक हेक्टरपेक्षा कमी. पाच मीटर रुंदीचा रस्ता धरा, हेक्टर दोन किलोमीटरच्या आत संपतो. जंगल मात्र पुढे चालूच असतं. शिवाय पैनगंगेच्या काठच्या कितीतरी गावांवर निम्न पैनगंगा प्रकल्पाच्या बुडिताची टांगती तलवार आहे. प्रकल्प 1997 मधला, विरोध तेव्हापासूनचा. गावात रस्ता मागायला गेलं की तुमचं गाव तर बुडणार आहे असं ऐकवतात, ही तिथली नेहमीची तक्रार. धरण होत नाही आणि डांबरही येत नाही. त्या मधल्या काळाला आता पाव शतक उलटून गेलं आणि त्या मधल्या काळातच मी सायकल चालवतो.

बाळंतिणीला बाजेवर घालून ओढ्यापार आणल्याच्या बातम्या या भागातून पावसाळ्यात येतात. ती बातमी वाचलेल्या माणसाने मुरुमाच्या चुरचुरीवर किती लिहावं, याचा हिशेब मला जमत नाही. रस्ता व्हायला हवा. तो झाला की मी दुसरीकडे वळणार हेही खरं. सायकलवाल्याचं प्रेम असं सोयीचं असतं. ज्याच्या घरापुढे रस्ता आहे त्याला वळायला दुसरीकडे नसतं.

नदीकाठच्या एका गावाचा रस्ता मागच्या हिवाळ्यात डांबरी झाला. माझ्या आवडीचा होता, मोहाच्या झाडांखालून जाणारा, मधे एक फरशी पूल. आता रुग्णवाहिका दारापर्यंत येते, कापसाचा व्यापारी स्वतः गाडी घेऊन येतो, दर वाढवून देतो असं नाही पण येतो. आणि रात्री नदीतून रेतीचे टिप्पर याच रस्त्याने निघतात. पहिल्याच महिन्यात एक बैल गेला. मुली आता आडव्या तिघी जात नाहीत, एकीमागे एक जातात, कडेच्या साईडपट्टीवरून, आणि बोलायचं झालं तर मान वळवून ओरडून बोलतात. सरपंचांनी गतिरोधकासाठी अर्ज केला आहे. मी गेलो तेव्हा तो मंजूर व्हायची वाट न बघता गावातल्या पोरांनी शाळेपुढे आणि मारुतीपुढे रस्त्यावर आडवे मुरुमाचे ढीग टाकून, पाणी मारून, ट्रॅक्टरने दाबून पक्के केले होते. टिप्परवाले शिव्या देतात, पण दुसऱ्या गिअरमध्ये येतात. पोरांनी मलाही थांबवून विचारलं, सायकलला त्रास होत नाही ना? म्हटलं, उलट बरं वाटलं. ते म्हणाले, मग खालच्या पुलाजवळ अजून एक टाकतो.